शिंगाच्या आतला पापुद्रा

३ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षकाचं उत्तर आलं! "पेपर स्वीकारण्यास योग्य आहे, मात्र —" हा 'मात्र' ज्याने शोधून काढला त्याला एक आठवडा आमच्या उंदरांच्या खोलीत कोंडला पाहिजे. मात्र काय, तर हाच प्रयोग तीन नव्या नरांवर पुन्हा करून दाखवा. मुदत अठ्ठावीस तारीख.

पेपर स्वीकारला गेला तर थिसिस देता येणार. थिसिस एकतीस मार्चच्या आत गेला तर पीएचडी. नाही गेला तर माझी नोंदणी संपते, दुसऱ्यांदा वाढवून मिळत नाही. मग मी कोण? तर चौतीस वर्षांची एक बाई, जिला नर उंदराच्या पोटातून अकरा अवयव बारा मिनिटांत वेगळे करता येतात. या कलेला बाहेर गिऱ्हाईक नाही. सहा वर्षं घातली आहेत मी यात.

बाई म्हणाल्या, "तीन नर म्हणजे काय, आठवड्याचं काम. उरकून टाक." बाई म्हणजे माझ्या गाईड. त्यांनी स्वतः कात्री धरून आठ वर्षं तरी झाली असतील, त्यामुळे त्यांना सगळंच आठवड्याचं काम वाटतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंनी आज पुन्हा विचारलं, "पण तू नक्की करतेस काय गं तिथे?"

नवरा लोकांना सांगतो, 'कॅन्सरवर काम करते'. लोक मान हलवतात आणि विषय बदलतात, त्याचं काम भागतं. सासूबाईंना मात्र खरं हवं असतं. पस्तीस वर्षं शिवणाचा क्लास घेतलाय त्यांनी, मोघम बोललेलं चालत नाही.

मग सांगितलं. म्हटलं, उंदराच्या प्रत्येक पेशीत एकच जाडजूड पुस्तक असतं. नाकात तेच, शेपटीत तेच. पण प्रत्येक अवयव आपापलीच पानं उघडून वाचतो. नराच्या जननमार्गात —
"म्हणजे?"
म्हणजे खालचं सगळं.
"बरं."
तिथे दहा-अकरा लहान लहान अवयव असतात. त्यातला कोण कुठलं पान वाचतो ते मी बघते. आणि मला एक असं पान सापडलंय जे त्यातला एकच अवयव वाचतो. मेंदू नाही वाचत, काळीज नाही वाचत, वृषणसुद्धा नाही. फक्त शुक्राशय. दिसायला मेंढ्याच्या शिंगांची जोडी. आम्ही शिंगंच म्हणतो.
"आणि ती शिंगं करतात काय?"
रस तयार करतात. तो रस आत गेल्यावर गोठतो, त्याचं घट्ट बूच होतं आणि मादीत बसतं. मग दुसऱ्या नराची डाळ शिजत नाही.

सासूबाईंचा भाजी निवडणारा हात थांबला. "हुशार आहेत मेले," म्हणाल्या. नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला. पण त्यांना कळलं हे नक्की, कारण पुढचा प्रश्न होता — ते एकच पान दुसऱ्या कोणी वाचलेलं नाही हे कशावरून? सहा वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला एकाही चर्चासत्रात कोणी विचारला नव्हता.

५ फेब्रुवारी, बुधवार

त्या जनुकाचं खरं नाव म्हणजे तीन अक्षरं आणि एक आकडा. मी त्याला एकलकोंडा म्हणते. सगळं घर सोडून एकाच खोलीत दार लावून बसणारा. माझ्या मोठ्या भावासारखा, फक्त हा उपयोगाचा आहे.

सकाळी मामांकडे नर मागायला गेले. मामा प्राण्यांच्या खोलीचे तंत्रज्ञ. बाईंच्या आधीपासून इथे आहेत. साडेसातला येतात आणि एकेक मादी उचलून, शेपूट वर करून, बूच आहे की नाही बघून वहीत टिक करतात. "काल रात्री पाच लग्नं लागली बाळ," असं मोठ्या गांभीर्याने सांगतात. मी बाळ, बाई बाई, बाकी सगळं जग बाळ. येत्या अठ्ठावीसला निवृत्त होतायत. म्हणाले, त्यानंतर आयुष्यात कुणाचीही शेपूट उचलणार नाही.

मामा उंदीर शांत करतात, पोट उघडून बशीत समोर ठेवतात, आणि हात मागे घेतात. बाईंचा पहिल्यापासूनचा नियम — अवयव कापायचे ते संशोधकाने, मामांनी नाही. कसं कापायचं तेही बाईंनीच शिकवलेलं: शिंग चिमट्याने उचला, ताणा, मुळाशी कात्री, संपलं. चार सेकंद.

सोमवारी कापणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काचपट्टी फुटली. डाव्या अंगठ्याला तीन टाके. मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई अंगठा बघून म्हणाल्या, "डॉक्टर कापेल." कशी आहेस, दुखतंय का, काही नाही. डॉक्टर कापेल.

डॉक्टर म्हणजे डिसेंबरमध्ये आलेला नवा. जनावरांचा डॉक्टर. सात वर्षं गायी आणि कुत्री केली, आता म्हणे संशोधन करायचंय. गायीच्या आत खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस माझे उंदीर कापणार! हात तर असे आहेत की बशीत एकदा गेले की उंदीर दिसत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरने तीन नर कापले. मी शेजारी बसून नळ्यांवर नावं घालत होते आणि दातओठ खात होते. एका शिंगाला नऊ मिनिटं! मायक्रोस्कोपखाली डोळे घालून बारीक चिमट्याने काहीतरी कोरत बसला होता. मी म्हटलं, "ऑपरेशन चाललंय का? पेशंट गेलाय." तो म्हणाला, "सवय आहे." आणि कोरत राहिला. सगळं आवरेपर्यंत माझा चहा गार झाला होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जेलवर पट्टी नाही. जनुक वाचला जात असेल तिथे चमकणारी रेघ उमटते, ती.

तीन नर, सहा शिंगं, सगळी काळोखात. दिव्याखाली जेल धरलं तर बाकीच्या ओळी झक्क उजळलेल्या — म्हणजे यंत्र ठीक, रसायनं ठीक, नमुने ठीक — आणि जिथे एकलकोंडा चमकायला हवा तिथे नुसता अंधार. पुन्हा चालवलं. पुन्हा अंधार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरशी भांडले. म्हटलं, तू नमुने बर्फावर उशिरा ठेवलेस, तू शिंगं चिवडलीस, तू माझी सहा वर्षं चिवडलीस. हे शेवटचं जरा मोठ्याने झालं. मामा दारातून डोकावून गेले.

तो म्हणाला, "मी शिकलो तसं कापलं."
"गायीवर!"
"गायीवर नाही. उंदरावर. पुस्तकात दाखवलंय तसं."
पुस्तकात म्हणे! मी इथे शेकड्याने उंदीर कापलेत आणि हा मला पुस्तक दाखवणार. बाईंना सांगितलं, "त्याचा हात बसलेला नाही. टाके निघाले की मी स्वतः करते." बाई म्हणाल्या, "तेच बरं." एवढंच. मला फार बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टाके निघाले. अंगठा ताठ आहे पण माझा आहे. मामांकडून दोन नर घेतले. मुळाशी कात्री, चार सेकंद. डॉक्टर लांबून बघत होता. मी मुद्दाम एक गाणं गुणगुणत कापलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

झगझगीत पट्ट्या!! चारही शिंगांत! एकलकोंडा घरी आहे, दिवा लावून बसला आहे. जेलचा फोटो छापून डॉक्टरच्या टेबलावर ठेवला, वर काही लिहिलं नाही. म्हणजे एक उद्गारचिन्ह लिहिलं. मोठं होतं.

आता तिसरा नर कापायचा, आकृती लावायची, पाठवायचं. नऊ दिवस आहेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर फोटो घेऊन आला. मला वाटलं रागावला असेल. पण याला रागावता येत नाही बहुतेक, गायींमुळे असेल. म्हणाला, "तिसरा नर दोघांनी कापू. डावं शिंग मी, उजवं तू. उंदीर एकच, दिवस एकच, बर्फ एकच." मी म्हटलं, आनंदाने. कोणाचा हात कसा आहे ते एकदाचं कळू दे.

लगेच कापलं. त्याची नऊ मिनिटं, माझी चार सेकंदं. नंतर बघते तर त्याने एक जास्तीची नळी भरली होती. वर लिहिलं होतं 'उरलेलं'. म्हटलं, हे काय? म्हणाला, "मी सोलून टाकलं ते. टाकवेना म्हणून ठेवलं." कचरा सांभाळून ठेवणारी माणसं असतात, सासूबाईही चिंध्या टाकू देत नाहीत.

घरी आल्यावर सगळं त्यांना ऐकवलं, डॉक्टरची नक्कल करून. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कापड एकच आहे ना? मग एकाने अस्तर काढलंय आणि एकाने ठेवलंय." मी म्हटलं, आई, शिंगाला अस्तर नसतं. म्हणाल्या, "बरं बाई, नसेल."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एकाच उंदराचं उजवं शिंग — पट्टी. डावं शिंग — काही नाही.
आणि 'उरलेलं'ची नळी. तिची पट्टी एवढी चमकत होती की बाजूच्या ओळीवर उजेड पडला होता.

तीनदा चालवलं. दुपारचं जेवले नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी असून गेले. मामांनी खोली उघडून दिली, एक नर दिला, काही विचारलं नाही. यावेळी मी कात्री बाजूला ठेवली आणि शिंग नुसतं मायक्रोस्कोपखाली धरलं, बाईंच्या पद्धतीने ताणून नाही, आहे तसं.

शिंगाच्या वळणात, आतल्या बाजूला, एक पापुद्रा चिकटलेला असतो. पारदर्शक, बारीक बारीक नळ्यांचा. ताणलं की शिंगाला असा चपटा बसतो की शिंगच वाटतो. मुळाशी कापलं की शिंगाबरोबर बशीत येतो. चिमट्याने सोलला तर अलगद सुटतो, पण नऊ मिनिटं लागतात.

त्याचं नाव मला माहीत आहे! हीच तर मोठी गंमत आहे. गोठवणारी ग्रंथी. प्रोस्टेटचा पुढचा भाग. हिचाच रस शिंगाच्या रसाला मिळाला की त्याचं बूच होतं. एम.एस्सी.च्या परीक्षेत पाच गुणांना आली होती, मला साडेचार पडले होते. पण इथे आल्यावर बाईंनी कात्री कशी लावायची ते दाखवलं, आणि मी मान डोलावली, आणि पुस्तकातली ती ग्रंथी पुस्तकात राहिली. मी ती रोज कापत होते आणि शिंग म्हणत होते.

एकलकोंडा शिंगात राहतच नाही. तो शेजारी राहतो, चिकटून. आणि मी सहा वर्षं चुकीच्या दारावर त्याची पाटी लावत होते.

डॉक्टरला फोन केला. सॉरी म्हटलं. मला हा शब्द जड जातो, तरी दोनदा म्हटलं. तो म्हणाला, "मी कोणाला काही सांगणार नाही. पेपर तुझा आहे." हा माणूस जरा तरी नालायक असता तर किती सोपं झालं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

स्वतःशी सरळ बोलायचं तर: माझ्या हातचे तीन नर तयार आहेत. तिन्हींत पट्टी आहे. ती खोटी नाही, जेलवर आहे, फोटो आहे. परीक्षकाने तीन नर मागितले, तीन नर आहेत. उद्या पाठवलं तर मार्चमध्ये पेपर, मार्चमध्येच थिसिस, आणि कोणी कधी विचारणार नाही, कारण जगात या जनुकाचं पडलेलं आहे कुणाला? बाईंना, मला आणि त्या 'मात्र'वाल्याला.

नवरा म्हणाला, "कळणार कसं कोणाला? साक्षीदार मेलेत." मी खूप हसले. मग दिवसभर त्याच्यावर खेकसत होते. सॉक्स, नळ, टॉवेल, सगळ्यावरून. संध्याकाळी तो म्हणाला, "पाठवू नकोस मग. पण मला जगू दे."

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाईंना सांगितलं.

जेलचे फोटो टेबलावर मांडले. उजवं, डावं, उरलेलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. बराच वेळ 'उरलेलं'वर बोट ठेवून बसल्या.
"माझ्या बारा वर्षांपूर्वीच्या पेपरात हेच आहे. शुक्राशय म्हणूनच."
"हो."
"त्याच पेपरवर मला ही लॅब मिळाली."
"हो."
"हो हो काय करतेस? तुझं काय होणार कळतंय का तुला?"
"हो."

मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या हातचे तीन पाठव. आत्ता पीएचडी पदरात पाडून घे. हे नंतर बघू सावकाश." वाईट हेतूने नाही म्हणाल्या, मला अजून तसं वाटतं. आई पोरीला म्हणते तसं म्हणाल्या.

मी म्हटलं, "मी नाही पाठवणार."

माझ्या तोंडून हे कसं निघालं मला माहीत नाही. मी शूर वगैरे नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर नवऱ्याला रजा घ्यायला लावते. खोलीबाहेर आले आणि जिन्यातच बसले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाई लॅबमध्ये आल्या! अंगात कोट, हातात मोजे. आम्ही सगळे उभे राहिलो, तपासणी आल्यासारखे. मामांनी नर उघडून बशीत ठेवला आणि नेहमीसारखे हात मागे घेऊन उभे राहिले.

आठ वर्षांनीसुद्धा हात झरझर चालला. चिमटा, ताण, मुळाशी कात्री. चार सेकंद. माझाच हात बघितल्यासारखं वाटलं, किंवा उलट, मी त्यांचा हात घेऊन फिरत होते इतकी वर्षं. डॉक्टरने न बोलता मायक्रोस्कोप त्यांच्यापुढे सरकवला. पापुद्रा तिथेच होता, शिंगाला बिलगून.

बाई फार वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे मला कधी कोणी दाखवलंच नाही." मोजे काढले, हात धुतले, परत गेल्या. मामा बशी उचलून धुवायला घेऊन गेले. मला बाईंची एवढी दया आली की डोळ्यांत पाणी आलं. लॅबमध्ये रडायला जागा नाही, थंड खोलीत गेले, पाच मिनिटांत गारठून बाहेर आले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बाईंचा फोन सकाळी आठला. आवाज एकदम खणखणीत. जर्नलच्या संपादकाशी बोलल्या म्हणे! एकलकोंडा गोठवणाऱ्या ग्रंथीतच आहे, दुसरीकडे कुठेच नाही, हे तर जास्तच चांगलं — असं संपादकाचं म्हणणं. पेपर तोच, आकृती नवीन, आणि उत्तराला तीन आठवडे वाढवून. अट एकच: जुने दोन पेपर, बाईंचा बारा वर्षांपूर्वीचा आणि आम्हा दोघींचा दोन वर्षांपूर्वीचा, यांच्या दुरुस्तीचं पत्र आधी हवं. चूक काय झाली, कशी झाली, संबंधितांच्या सह्या. ते पत्र पोचलं की माझा पेपर घेतला.

म्हणजे पीएचडी आहे! खरं बोलूनसुद्धा आहे!

घरी मी नाचले. सासूबाई म्हणाल्या, "अस्तरच होतं ना शेवटी?" मी त्यांच्या पाया पडले, नाटकी, लोटांगण घालून. नवऱ्याने माझ्या अंगावरून पाय टाकून जात विचारलं, आता तरी टॉवेल कुठेही टाकला तर चालेल का. डॉक्टरचं नाव पेपरात घालायचं ठरवलंय. बाई लगेच हो म्हणाल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र तयार झालं. एक पान. सगळं बरोबर आहे. एक वाक्य सोडून.

"दोन्ही अभ्यासांत नमुने कापण्याचं काम तांत्रिक कर्मचाऱ्याकडे होतं; त्याच्याकडून शेजारच्या ग्रंथीचा अंश राहून गेला."

मी म्हटलं, "बाई, मामांनी कधी कापलेलं नाही. तुमचाच नियम आहे."
"नाव आहे का कुठे?"
"इथे तांत्रिक कर्मचारी एकच आहे."
"आणि तो उद्या निवृत्त होतोय. त्याचं काय बिघडतंय सांग. तो कुठे अर्ज करणार आहे? संशोधकाने कापलं असं लिहिलं तर बारा वर्षांत इथून बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या कामावर लोक बोट ठेवतील. तुझ्यासकट. एक वाक्य आहे गं. बाकी सगळं खरं लिहिलंय ना आपण?"

मी तीन दिवसांपूर्वी नाही म्हणाले होते. तो शब्द शोधत होते, आज सापडला नाही. मनात असं आलं की एक मोठं खरं बोलून झालंय, आता एवढं चालायला हरकत नाही. जणू सवलतीची कुपनं असतात. असंही आलं की मामा इंग्रजी पत्र वाचणार आहेत थोडेच! हे मनात आलं हे लिहून ठेवते, कारण नंतर मी हे आलंच नव्हतं म्हणेन.

सह्या तीन. बाईंची, माझी, तांत्रिक कर्मचाऱ्याची.

बाईंनी पेन दिलं. छान चालतं त्यांचं पेन. घरी कोणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंनी विचारलं, पत्र गेलं का? म्हटलं, उद्या जाईल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निरोपाच्या चहाआधी पत्र घेऊन मामांकडे गेले. त्यांची वही मिटलेली होती, पिंजरे धुऊन झाले होते. म्हटलं, मामा, एक सही हवी. "काय लिहिलंय बाळ?" फॉर्म आहे म्हणणार होते, म्हणवेना. वाक्य न् वाक्य सांगितलं. तेही सांगितलं.

मामा म्हणाले, "तो पापुद्रा मी बाईंना पहिल्याच वर्षी दाखवला होता. शिंगाच्या आत काहीतरी वेगळं चिकटलेलं दिसतंय, सोलून देऊ का म्हटलं. म्हणाल्या, राहू दे मामा, फार वेळ जातो. आणि तुम्ही फक्त उघडून देत जा. तेव्हापासून मी हात मागे घेतो." मग विचारलं, "तुझं काम अडलंय का यावर?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी सही केली. माझ्या सहीच्या बरोबर खाली.